रानालगतच्या जमिनीवर राहायला येणाऱ्यांसाठी : आगोटीची बेगमी आणि अडचणीच्या दिवसांची तयारी

मंडणगड तालुक्यातल्या सव्वातीन एकरांच्या उताराच्या जमिनीवर आम्ही उभयता २०१७ साली पुण्याहून कायमचे राहायला आलो. जमिनीचा वरचा भाग सड्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला, लागून आहे, मधल्या भागात काजू आणि आंबा आहे आणि उरलेल्या जागेत ऐन, किंजळ, आंजणी, शिवण अशी झाडे आपापली वाढलेली आहेत. अशा जमिनीवर राहायला येऊ इच्छिणारी माणसे अधूनमधून आमच्याकडे येतात. ती सौरऊर्जेविषयी, गाईंविषयी, देशी बियाण्यांविषयी पुष्कळ विचारतात; परंतु पहिल्या पावसाळ्यात वीज पंधरा दिवस गेली आणि रस्ता बंद झाला तर काय करायचे, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते नवख्या माणसाने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न तोच आहे.

कोकणात या तयारीला जुना शब्द आहे. पाऊस लागण्याच्या सुमाराला ‘आगोट’ म्हणतात आणि त्याआधी धान्य, जळण, मीठ-मसाला, सुकी मासळी घरात भरून ठेवण्याला आगोटीची बेगमी म्हणतात. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागते आणि मृग ७ जूनच्या सुमारास. वाडीतल्या जुन्या घरांत रोहिणी लागण्यापूर्वी बेगमी पूर्ण झालेली असते. आम्ही पहिली दोन वर्षे या चालीकडे केवळ कौतुकाने पाहिले आणि ती आपल्यासाठीही आहे हे आम्हाला तेव्हा कळले नाही.

ते ३ जून २०२० रोजी कळले. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि बाणकोटच्या खाडीच्या अलीकडचे मंडणगड आणि दापोली हे दोन्ही तालुके त्याच्या तडाख्यात सापडले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा झाडांच्या रानात शिरतो तेव्हा भीती वाऱ्यापेक्षा झाडांची वाटते. आमच्या पडवीची कौले पहिल्या तासातच उडाली, मागचा फणस मुळासकट कलंडून विहिरीच्या काठावर आडवा झाला आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या साडेचारशे मीटर वाटेवर आम्ही नंतर मोजली तेव्हा एकोणीस झाडे पडलेली होती. वीज सत्ताविसाव्या दिवशी आली. मोबाइलला रेंज यायलाही आठवडा उलटला.

घरात तांदूळ होता, डाळ होती, गॅसचा एक भरलेला सिलिंडर होता. अडले ते पाण्यावाचून. विहीर पाण्याची होती, पण तिच्यावर विजेचा पंप बसवल्यानंतर, २०१८ साली, आम्ही रहाट काढून टाकला होता आणि तोंडावर लोखंडी जाळी पक्की बसवली होती. टाकीतले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. वाडीतल्या एका आजींनी स्वतःच्या घराची कौले गेलेली असताना आम्हाला पोहरा आणि काथ्याचा दोर आणून दिला आणि एवढेच म्हणाल्या, “बाय, मोटार आली म्हणून रहाट काढू नये.” जाळीचे बोल्ट गंजलेले होते, ते पहारीने तोडायला अर्धा दिवस गेला.

त्या अनुभवातून आम्ही एक नियम केला आणि आजही तो पाळतो. पाणी, जळण, उजेड, निरोप आणि बाहेर पडण्याची वाट या पाच गोष्टींसाठी घरात प्रत्येकी दोन मार्ग असले पाहिजेत आणि त्यांतला एक विजेवाचून चालणारा असला पाहिजे. विहिरीवर आता पंपही आहे आणि रहाटही आहे. पाणी शेंदणे हे कौशल्य आहे आणि त्याची सवय निकडीच्या वेळी लागत नाही, म्हणून आठवड्यातून एक दिवस आम्ही पाणी हातानेच शेंदतो.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो हे ऐकून पाण्याची चिंता नाही असा नवख्यांचा समज होतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. ऑक्टोबरात तुडुंब असलेली विहीर मे महिन्यात तळाला जाते आणि कित्येक वाड्यांत टँकर येतो. जमीन घेण्यापूर्वी तेथली विहीर मे महिन्यातच पाहावी. छपरावरचे पाणी साठवण्याचा हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, त्यामुळे पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वीस मिलिमीटरची एक सर आली, तर गळती-उडती धरूनही सुमारे आठशे लिटर पाणी मिळते. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा आणि मेलेले जीव पडलेले असतात, म्हणून ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात, घरात असावी. चांगल्या प्रतीची, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर साधारणपणे दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. आमच्या विहिरीचा व्यास तीन मीटर आहे. पाणी तीन मीटर खोल असेल तर ते सुमारे एकवीस हजार लिटर होते आणि त्याला बावन्न-त्रेपन्न ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ विहिरीत सोडायची आणि किमान एक तास पाणी वापरायचे नाही. जुनी, ओल लागलेली पावडर निकामी होते, म्हणून डब्यावर तारीख लिहून ठेवावी. पावडर नसेल तर पाणी खळखळून उकळावे.

जळणाचा विषय मी थोडक्यात आटोपते. आमच्या दोन माणसांच्या चुलीला दिवसाला सुमारे चार किलो लाकूड लागते, म्हणजे जून ते सप्टेंबरला पाचशे किलो. ते एप्रिलमध्ये फोडून, दगडांवर उचलून, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल असे रचले तरच पावसाळ्यात पेटते. ऐन आणि किंजळ चांगले जळतात. बिब्ब्याचे लाकूड चुकूनही जळणात येऊ देऊ नये. त्याच्या धुराने अंगाला सूज येते. स्वतःच्या जमिनीतले झाड असले तरी अनेक जातींची झाडे तोडायला राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते, हेही नवख्यांनी आधीच समजून घ्यावे. घरावर झुकलेल्या फांद्यांची व्यवस्था हिवाळ्यात करावी, मेअखेर माणसे मिळत नाहीत.

सौरऊर्जेबद्दल अपेक्षा बेताची ठेवावी. बारा व्होल्ट, शंभर ॲम्पिअर-तासाच्या साध्या बॅटरीत कागदोपत्री १२०० वॉट-तास वीज मावते, परंतु बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी. एवढ्यावर नऊ वॉटचे चार दिवे पाच तास चालतात, फोन चार्ज होतात, रेडिओ चालतो. एक अश्वशक्तीचा पंप मात्र हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि सुरू होताना त्याहून कितीतरी अधिक, त्यामुळे त्याच्यासाठी ही व्यवस्था कामाची नाही. शिवाय जूनमध्ये वादळानंतरचे आभाळ आठवडाभर उघडत नाही.

आता आग. झाडोऱ्याच्या जमिनीला पावसाइतकेच वणव्याचे भय असते आणि ते फेब्रुवारीपासून मेपर्यंत असते. आमच्या जमिनीवर मार्च २०१८ मध्ये सड्यावरून वणवा उतरला. भाजावळीचे, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा (राब) जाळण्याचे दिवस होते; कोणाच्या तरी राबाची ठिणगी वाळलेल्या गवतात गेली असावी. आम्ही दोघे ओल्या डहाळ्या घेऊन धावलो आणि तासाभरात बेचाळीस काजूंची कलमे गेली. संध्याकाळी पाहिले तर ठिबकच्या नळ्या काळ्या मेणासारख्या वितळून दगडांना चिकटल्या होत्या. पण जमिनीच्या मधून जाणाऱ्या पाखाडीच्या अलीकडे एक पानही जळले नव्हते, कारण वाडीतली मुले त्या पायवाटेने रोज शाळेत जात आणि ती झाडून स्वच्छ ठेवली जात असे. जेमतेम दीड मीटर रुंदीच्या उघड्या मातीने आमची अर्धी जमीन वाचवली होती.

तेव्हापासून गवत पिवळे पडू लागताच, डिसेंबरात, आम्ही वरच्या सीमेवर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतून चार मीटर रुंदीची जाळरेषा काढतो : गवत यंत्राने कापायचे, पाला ओढून आत खताच्या खड्ड्यात टाकायचा आणि दर पंधरा दिवसांनी नव्याने पडलेली पाने झाडायची. घराभोवतीची दहा मीटर जागा, जळणाचा ढीग आणि पेंढ्याची उडवी यांचाही असाच विचार करावा. उडवी घराला टेकून कधीही रचू नये. आग चढावर वेगाने पळते, म्हणून पेटत्या उताराच्या वरच्या बाजूला उभे राहून ती विझवण्याचा प्रयत्न जिवावर बेततो. कडेने, जळून गेलेल्या काळ्या भागात पाय ठेवून काम करावे, एकट्याने जाऊ नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आधी कळवावे.

सापांविषयी घाबरवणारे आणि धीर देणारे पुष्कळ बोलले जाते, उपयोगाचे थोडे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. पण ते आज तेथे आहे का, हे पावसाळ्याच्या आरंभी स्वतः जाऊन विचारावे. २०१९ च्या ऑक्टोबरात आमच्याकडे दगड उचलताना एका कामगाराच्या बोटाला फुरसे चावले. रुग्णालय अठरा किलोमीटरवर होते. ज्याची गाडी ठरलेली होती तो चालक लग्नाला गेला होता आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. कामगार बरा झाला, परंतु ती चाळीस मिनिटे मला अजून विसरता येत नाहीत. आता आमच्या दाराआड तीन गाडीवाल्यांचे क्रमांक, १०८ आणि ११२ मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत. दंशानंतर अंगठी-बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नये, जखम कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये आणि मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही आणि पहाटे नुसते पोट दुखते, पापण्या जड होतात. अशा वेळी पित्त समजून घरी थांबू नये. खाटेवर, गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. सिंधुदुर्गाकडे जमीन घेणाऱ्यांनी माकडतापाचीही माहिती घ्यावी. तो रानातल्या गोचिडींमुळे होतो आणि मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचे असते.

घराची जागा निवडताना दरडीचा विचार आम्ही केलाच नव्हता. घरासाठी उतार उभा कापला होता आणि मागे साडेतीन मीटरची उघडी दरड होती. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होते. त्या आठवड्यात आमच्या दरडीच्या पायथ्याशी झिरपणारे नितळ पाणी एका दुपारी गढूळ झाले. वाडीतल्या दोघा जाणत्यांनी ते पाहून आम्हाला घरात झोपू दिले नाही. आम्ही चार रात्री शाळेत काढल्या. दरड आली नाही, आणि तरीही तो निर्णय योग्यच होता असे मी आज म्हणेन. पाणी अचानक गढूळ होणे, झरा एकाएकी थांबणे, वरच्या जमिनीला भेग पडणे, झाडे किंवा खांब तिरके होणे, दारे चौकटीत अडकू लागणे, यांतले काहीही अतिवृष्टीत दिसले तर कागदपत्रांची पिशवी उचलून निघावे. ती पिशवी भरलेलीच असावी : सातबारा आणि ओळखपत्रांच्या प्रती, रोजची औषधे, विजेरी, थोडी रोख रक्कम. निसर्ग वादळानंतर एटीएम बंद होती आणि सुट्ट्या नोटा असलेल्यांनाच ताडपत्री मिळाली.

स्वतःच्या पायावर उभे राहायचे म्हणजे कुंपण घालून एकटे राहायचे, अशी कल्पना मनात घेऊन पुष्कळजण येतात. वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी आमची वाट वाडीतल्या अकरा माणसांनी कोयत्या आणि कुऱ्हाडींनी मोकळी केली. आम्ही त्याआधी तीन वर्षे गावकीच्या बैठकांना जात होतो, पाखाडीच्या दुरुस्तीला उभे राहिलो होतो, म्हणून ती माणसे आमच्याकडे आली असे नाही. ती कोणाकडेही गेली असती. परंतु कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणाकडे करवत आहे, कोणाच्या विहिरीला पाणी आहे हे आम्हाला ठाऊक होते, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशीपासून आम्हीही कोणाच्या तरी कामी येऊ शकलो.

पहिली पायरी म्हणून मी सर्वांना एकच गोष्ट करायला सांगते. मे महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी घराचा मुख्य स्विच बंद करावा, फोन बाजूला ठेवावा आणि रविवार संध्याकाळपर्यंत घरात आहे त्यावर राहावे. जे जे अडेल ते वहीत लिहावे. आम्ही २०२१ मध्ये हे पहिल्यांदा केले, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून जाण्याच्या आदल्या आठवड्यात. रहाट नवा होता, पोहरा नवा होता, दोरही नवा होता. पण तो आम्ही जानेवारीत मापून आणला होता, आणि मे महिन्यात पोहरा पाण्याच्या चार हात वरच लोंबकळत राहिला.