होखगेत्सीट म्हणजे लग्न नव्हे

मध्ययुगीन जर्मनवर पोट भरतं का, हा प्रश्न सांगलीला गेले की हमखास येतो. भरतं. माझं गेली अकरा वर्षं भरतंय, सगळी कंत्राटावर. ज्यांना या वाटेला यायचंच आहे त्यांनी काय आधी आणि काय नंतर करावं, ते सांगते.

आधी लॅटिन. जर्मन जरा बरं यायला लागलं की पोरं थेट जुन्या काव्यांवर उडी मारतात. पण तेव्हाचा लेखनिक लॅटिनवर घडलेला. शब्द आखडून लिहायच्या त्याच्या खुणाही तिथल्याच. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर घाबरू नका, इथे विभक्ती आठऐवजी सहाच.

मग मिटेलहोखडॉइच, म्हणजे साधारण १०५० ते १३५० मधली भाषा. पहिल्याच तासाला सगळ्यांना दोन ओळी घोकायला लावतात. 'मीन न्यूवेस हूस' याचं आजचं रूप 'माइन नॉयेस हाउस', माझं नवं घर. आणि 'लिएबे गुओटे ब्र्युएडर' याचं 'लीबे गूटे ब्र्यूडर', प्रिय चांगले भाऊ. लांब स्वर फुटले आणि जोडस्वर मिटले, हे या दोन ओळींत बसतं. मोठ्यानं म्हणा, नुसतं डोळ्यांनी वाचून ही भाषा येत नाही.

अनोळखी शब्दांची काळजी करू नका, ते कोशात सापडतात. घात करतो ओळखीचा शब्द. निबेलुंगेनलीड या मध्ययुगीन जर्मन महाकाव्याच्या बाराव्या सर्गात राजा गुंथर जिगफ्रीडला 'होखगेत्सीट'ला बोलावतो. आजच्या जर्मनमध्ये होखत्साइट म्हणजे लग्न, म्हणून मी बेधडक लग्न लिहिलं. सरांनी समासात एवढंच विचारलं : कोणाचं? दोघांचीही लग्नं दोन सर्ग आधीच उरकली होती. तेव्हा तो शब्द कुठल्याही मोठ्या उत्सवाला वापरत. 'आरेबेइट'ही तसाच : आज काम, तेव्हा हालअपेष्टा. म्हणून माटियास लेक्सरचा छोटा कोश उशाशी ठेवा आणि जो शब्द येतो असं वाटतं तोच आधी काढून बघा.

यानंतरचा टप्पा लोक टाळतात, आणि माझ्या मते खरा धंदा तोच. छापील आवृत्ती बाजूला ठेवून हस्तलिखित वाचायचं. कार्ल लाखमान या जर्मन संपादकानं १८२६ साली निबेलुंगेनलीडची आवृत्ती काढली आणि प्रतींना ए, बी, सी अशी नावं दिली. पण छापताना त्यानं शुद्धलेखन एकसारखं करून टाकलं. आपण 'शुद्ध' म्हणून शिकतो त्यातलं बरंच १९व्या शतकातलं आहे. पाठभेद म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावायला नको. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे अपपाठ काढले, आणि भांडारकर संस्थेत महाभारताच्या प्रती ताडून पाहणारे सुखठणकर बर्लिनला शिकलेले होते. लाखमान शिकवायचा त्याच गावात. हायडेलबर्गचा कोडेक्स मानेसे, म्हणजे मध्ययुगीन जर्मन कवितांचं सचित्र हस्तलिखित, घरबसल्या पडद्यावर दिसतो. त्यातली १३७ चित्रं पाहून घ्या, मग मजकुराकडे वळा. रोज वीस ओळी जशाच्या तशा उतरवून काढा. लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, महिनाभर चुका होतील. जोडीला मजकुराला टीईआयच्या, म्हणजे संगणकावर मजकूर संपादताना वापरायच्या ठरीव, खुणा करायला शिका. संपादन-प्रकल्पांत त्यावर काम मिळतं, मला पहिलं तसंच मिळालं.

आता पोटाचं, म्हणजे जर्मनीतल्या विद्यापीठांतलं. इथेही ओळखीचे शब्द फसवतात. पीएचडीची जागा बहुधा अर्ध्या किंवा पासष्ट टक्के पगाराची; काम किती असतं ते विचारू नका. २००७च्या कायद्यानं विद्यापीठातल्या कंत्राटी नोकरीला मर्यादा घातली : डॉक्टरेटआधी सहा वर्षं, नंतर सहा. त्या दुसऱ्या सहांत दुसरा जाड ग्रंथ, हाबिलिटाट्सिओन. तो झाला की प्रिवाटडोत्सेंट ही पदवी मिळते. ऐकायला भारदस्त, पण ही नोकरी नव्हे; उलट पदवी टिकवायला शिकवत राहावं लागतं, बऱ्याचदा फुकट. प्राध्यापकपदासाठी मुलाखतीचं व्याख्यान देतात त्याला आपसांत 'फोरझिंगेन' म्हणतात, समोर गाऊन दाखवणं. नेमणूक झाली तर ती 'रूफ', म्हणजे हाक. आपल्याच विद्यापीठातून हाक सहसा येत नाही, तेव्हा सामान फार जमवू नका. मी दोनदा गाऊन आले. एका ठिकाणी नकार कळवायला चौदा महिने लावले.

शिकवायची संधी मात्र सोडू नका. शाळेत जर्मन शिकवू पाहणाऱ्यांना बऱ्याच विद्यापीठांत हा विषय घ्यावाच लागतो, आमचे विभाग त्यांच्यावरच तगून आहेत. ती मुलं कुरकुरत येतात. होखगेत्सीटचा किस्सा सांगितला की जरा सैलावतात.

एवढं वाचूनही यायचं असेल तर हा गृहपाठ घ्या. निबेलुंगेनलीडची सुरुवातीची ओळ शाळकरी पोरांनाही पाठ असते, 'उन्स इस्ट इन आल्टेन मेरेन'. आता सांक्ट गालेनच्या मठातली बी प्रत उघडा आणि तिच्यात ती ओळ शोधा. मी एक अख्खी संध्याकाळ शोधली. तिथे ती नाहीच. ती प्रत थेट काव्याची नायिका क्रीमहिल्ड हिच्यापासून सुरू होते.