मुलांसोबत भरली धिरडी करताय? या चुका टाळा

भरली धिरडी फुटतात ती बहुतेक वेळा उलथन्यामुळे. धिरडं दोन्ही बाजूंनी भाजायचं, ही आपल्या हाताची सवय. साध्या धिरड्याला ती योग्यच आहे. पण मुलांना सारण भरून कडा चिमटायला द्यायच्या असतील, तर धिरडं उलटायचंच नाही. खालून बदामी रंग आला, वरचं ओलं पीठ आळलं, बोट लावलं तर पीठ बोटावर येत नाही पण जरासं चिकट लागतं, की उतरवायचं. ती चिकट बाजूच कडा धरून ठेवते. एकदा ती तव्याला लागली की मग कितीही दाबा, कड मिटत नाही. अरब देशांत रमजानमध्ये कतायेफ करतात, तीही भरली धिरडीच. एकाच बाजूनं भाजायची, भरायची, चिमटायची आणि मग तळायची.

मागच्या मे महिन्यात भाची मुलांना घेऊन परभणीला आली होती. गल्लीतली पोरंही जमली. मी दुपारची जरा पडले होते, तोवर तिनं परातभर धिरडी दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून पंख्याखाली पसरली होती. मी म्हटलं, "अगं, उलटलीस कशाला?" तर म्हणाली, "मामी, एका बाजूनं कच्ची राहतील की! पोरांची पोटं बिघडतील." पोरं हातात सारण घेऊन बसलेली, त्यांना थांबवणार कोण? प्रत्येकानं मन लावून कडा चिमटल्या आणि तव्यावर एकेक उघडत गेलं. धाकटी रडकुंडीला आली, "आजी, माझंच फुटायलंय!" तिचं एकटीचं नव्हतं, सगळ्यांचंच फुटत होतं. गूळ तव्यावर सांडून करपला, स्वयंपाकघरभर धूर झाला. मग भाचीनं दात कोरायच्या काड्या काढल्या, कडांना टोचायला. त्या मी हातातून काढून घेतल्या. लहान मुलांच्या खाण्यात काडी कधीच नको, घाईत ती घशात जाते.

कच्चं राहण्याची भीती मला समजते, पण ती दुसऱ्या भाजण्यात जाते. भरून मिटलेलं धिरडं तुपावर, मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजायचं. आतल्या वाफेनं आतली बाजू शिजते. पहिलं तयार झालेलं मोडून बघा, पीठ ओलं दिसलं तर पुढची पातळ घाला.

पंखा मात्र बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली दोन मिनिटांत कडा पापडासारख्या कडक होतात. उतरवलेली धिरडी ओल्या, पिळलेल्या फडक्याखाली ठेवा. उकडतंय म्हणून पोरं कुरकुर करतात, त्यांना ताक द्या.

दुसरी चूक सारणाची. कार्टून बघून मुलं डोरायाकी, म्हणजे सारण घातलेली जपानी गोड धिरडी, मागतात. जपानमध्ये ती लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकी दाण्याच्या गोड सारणाची असते. आपलं हरभरा डाळीचं पुरण तिथं छान बसतं, आणि होळी-पोळ्यानंतर ते घरात उरलेलंही असतं. पण पोळीला चालणारं सैल पुरण इथं चालत नाही. पळी उभी राहील इतकं घट्ट हवं. सैल असेल तर परत कढईत टाकून आटवा. वेळच नसेल तर डाळव्याचं पीठ मिसळा. मला ती चव तितकी आवडत नाही, पण पाणी ते नक्की शोषतं. पुरण पूर्ण थंड हवं. गरम पुरणाच्या वाफेनं कड ओली होते आणि सुटते. शिवाय वितळलेला गूळ कातडीला चिकटून बसतो, लवकर निवत नाही. म्हणून तव्यावरून उतरवलेलं धिरडं मुलाच्या हातात देण्याआधी मोडून, आत बोट लावून बघायचं. हे मी कधीच टाळत नाही.

पुरीएवढ्या धिरड्याला एक चहाचा चमचा सारण पुरतं, आणि कडेला बोटभर जागा मोकळी हवी. मुलं जास्तच भरतात, त्यांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं. मी सारणाच्या आधीच सुपारीएवढ्या गोळ्या वळून ठेवते. एका धिरड्याला एक गोळी, मग वाद होत नाही.

पिठात ज्वारी घाला, पण एक तृतीयांशच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून जास्त झाली की घडीवर तडा जातो. माझं माप असं: एक वाटी कणीक, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, चिमूटभर मीठ, दीड वाटी पाणी, लागलं तर थोडं आणखी. वीस मिनिटं झाकून ठेवायचं. गूळ पिठात नको, सारणातच असू द्या; पिठातला गूळ तव्याला धरतो.

पीठ मुलांना फेटत बसू देऊ नका. फार फेटलं की धिरडं चिवट होतं. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, झाकून ठेवलं की विरतात.

तिखट सारणाच्या धिरड्यात लोक हळद आणि सोडा दोन्ही घालतात आणि मग लाल डाग बघून घाबरतात. सोड्यानं हळद लाल होते, पीठ बिघडलेलं नसतं. पण सोडा हवाच कशाला? तयार पिठाच्या पुड्यांचंही तेच. मुलाला पीठ कालवायला मिळावं म्हणून हा खटाटोप, तेच पुडीतून आणलं तर त्याच्या हाताला काम काय उरलं?

शेंगदाणे अख्खे नकोत, बारीक कूटच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, सारणातलाही.

तव्याजवळ मोठं माणूसच. मुलांची बैठक लांब, जमिनीवर, परातीभोवती. तीन वर्षांच्यानं गूळ कुस्करावा, पाच वर्षांच्यानं गोळी ठेवावी, चिमटणं सात-आठ वर्षांच्यांना जमतं. "तू बस, मी करते" असं म्हणणाऱ्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वाकडी कड तशीच राहू द्या. फक्त चिमटा घट्ट बसलाय का ते बघा.

डब्यात द्यायची असतील तर पूर्ण निवू द्या. गरमच झाकली की घाम धरतात आणि कडा लिबलिबीत होतात. उन्हाळ्यात पुरणाची त्याच दिवशी संपवा.