जुनी एमजीबी घेताय? या चुका टाळा

इंग्लंडात चार-पाच वर्षं काढली, घराचा हप्ता अंगवळणी पडला, की आपल्या मंडळींतल्या काहींना छप्पर उघडणाऱ्या जुन्या ब्रिटिश गाडीची हौस येते. आणि शोध कुठूनही सुरू झाला तरी फिरून फिरून एमजी कंपनीच्या एमजीबीपाशीच येतो. निवड वाईट नाही. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या. जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही मिळतो, आणि साधे पाने घेऊन घराच्या गॅरेजात बरीचशी कामं होतात. घोळ होतो तो हिशेबात. गाडी कमी पैशांत मिळाली म्हणजे ती कमी पैशांत सांभाळता येईल, असं लोक धरून चालतात.

इंजिन ऐकून गाडी पसंत करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर थोडं जास्त लिहितो. विकणारा बॉनेट उघडतो, इंजिन झोकात सुरू होतं, आपण खूश. पण 1798 सीसीचं हे इंजिन म्हणजे गाडीतला सर्वांत निवांत भाग. ते दणकट आहे, बिघडलं तरी दुरुस्त करणारे भरपूर आहेत, आणि वाटल्यास पूर्ण उतरवून दुसरं बसवता येतं. पत्र्याचं तसं नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्रा हाच सांगाडा, आणि छप्पर नसलेल्या रोडस्टरमध्ये गाडीचा कणा म्हणजे दरवाज्यांखालच्या दोन सिल. बाहेरची सिल, आतली सिल आणि खालचा पत्रा असे थर जोडून ती बनते. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसला, म्हणजे आत बरंच खाल्लं गेलेलं असतं.

नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो, कारण सिलचं टोक त्याच्या मागे जातं. ते काम वाचवायला बरेच जण सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्ड मारतात, वर अंडरसील हा काळा गंजरोधक लेप फासतात आणि ‘नवीन सिल्स’ म्हणून जाहिरात देतात. मडगार्डच्या खालच्या टोकाला सिलशी जुळणारी उभी सांधरेषा स्पष्ट दिसते का, ते बघा. ती रेषाच गायब असेल, तर कोणीतरी वरून झाकपाक केली आहे असं समजा.

दुसरी परीक्षा दरवाज्याची. आधी दरवाजा बंद ठेवून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. मग मालकाची परवानगी घेऊन गाडीची ती बाजू जॅकवर उचला आणि दरवाजा उघडून परत लावा. सांगाडा शाबूत असेल तर पूर्वीसारखाच लागेल. वरची फट आवळली, दरवाजा घासायला लागला किंवा कुलपात बसेना, तर गाडी मधून वाकते आहे. आणि मालक जॅक लावूच देत नसेल, तर चहा पिऊन घरी या.

फ्रिजवरचं साधं लोहचुंबक सोबत न्या. मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या मडगार्डचा दरवाज्यालगतचा भाग यांवर ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. कार्पेट उचलून फ्लोअर बघा. सीटच्या मागचं झाकण काढून बॅटरीचे डबे बघा. जुन्या मॉडेलांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. ॲसिड आणि चिखल यांनी ते डबे चाळणीसारखे होतात.

आता आकडा मांडू. वर्कशॉपचा दर ताशी 70 पौंड धरला आणि दोन्ही बाजूंचं काम 60 तासांचं निघालं, तर मजुरीच 4,200 पौंड, आणि 20 टक्के व्हॅट धरून 5,040. पत्रे वेगळे, रंग वेगळा. रंग तर बहुतेकदा वेल्डिंगपेक्षा जास्त दुखतो. विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांवरून अख्खी नवी बॉडी बनवून देते खरी, पण तिच्या किमतीत चालू स्थितीतली एखादी एमजीबी सहज येते.

अर्धवट सोडलेली गाडी ‘थोडंच काम बाकी’ म्हणून उचलणे

रंग झालेला आहे, बाकी सामान खोक्यांत आहे. का सोडली, हे स्वतःला विचारा. ज्याने सुरू केली त्याला खोक्यात काय आहे ते माहीत होतं, तरी त्याने हात टेकले. क्रोम, कापडी छप्पर, सीटची कव्हरं, रबरी पट्ट्या हे प्रत्येक बिल लहान वाटतं आणि बेरीज भलतीच होते.

आवाजांना घाबरणे, किंवा मुळीच न घाबरणे

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच ठेवायला आधी सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम करून ठेवलेलं इंजिन पुष्कळ रोग लपवतं. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा 50 पीएसआयच्या वर हवा. सिग्नलला उभं असताना तो खाली येणं साहजिक आहे, शून्याकडे झुकणं नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे निळा धूर दिसला, तर इंजिन ऑइल पितंय.

पहिल्या गिअरची खरखर ऐकून काही जण सौदा मोडतात. 1967 पर्यंतच्या गाड्यांत पहिला गिअर सिंक्रोचा, म्हणजे चालत्या गाडीत अलगद पडणारा, नव्हताच, गाडी थांबल्याशिवाय तो टाकायचा नसतो. दुसऱ्या गिअरची खरखर मात्र झिजेची. क्लच सोडताना मागून ‘टक्’ असा आवाज आला तर बहुतेकदा डिफरन्शियलमधले, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीतले, वॉशर झिजलेले असतात. भाव पाडायला ते कारण चांगलं आहे, गाडी सोडायला नाही. पण तारांची चाकं असतील तर तोच आवाज चाक आणि हब यांच्यामधल्या खाचा झिजल्यानेही येतो. चाक उचलून, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगून ते फिरवून बघा. हललं तर हब आणि चाकं दोन्ही बदलायची तयारी ठेवा.

पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनला दर 3,000 मैलांना ग्रीस लागतं. मालकाला सहज विचारा, ग्रीसिंग शेवटचं कधी केलं? उत्तर देताना तो गोंधळला, तर बाकीच्या देखभालीचाही अंदाज येतो.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे लांबच्या रस्त्यावर इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर, चालत नसेल तर ‘एवढी एक वायर सुटली आहे’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कधी ते खरंही असतं. मग विकणाऱ्याने ती वायर जोडून का नाही विकली? भाव करताना ओव्हरड्राइव्ह बिघडलेला आहे असंच धरा.

कमी मैलांवर भुलणे

मैलांचा आकडा पाच अंकी आहे, 99,999 नंतर पुन्हा शून्य. 40,000 दिसले तर ते 1,40,000 असू शकतात. शिवाय वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते. ब्रेक जखडतात, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो, टायर नवे दिसले तरी आतून कडक होतात. टायरवरच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं, तेवढं वाचा. सप्टेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई-10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, झालं. त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात, तेव्हा पाइप बदलले आहेत का ते विचारा आणि स्वतः कमी इथेनॉलचं ई-5 भरा.

‘एमओटी लागत नाही’ हा फायदा समजणे

40 वर्षांवरच्या गाड्यांना 2018 पासून एमओटी या दरवर्षीच्या सुरक्षा चाचणीतून सूट आहे. रोड टॅक्सही शून्य होतो, पण ऐतिहासिक वर्गात नोंद करून घ्यावी लागते आणि दर वर्षी नूतनीकरणही. माझा आग्रह असा की घेण्याआधी चाचणी करवून घ्याच. खर्च किरकोळ आहे, आणि मालकाने नकार दिला तर तेही उत्तरच. जुन्या चाचण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एकाच सिलवर ‘गंज’ असा शेरा सलग तीन वर्षं असेल, तर पुढचं बोलायला नको.

चासी नंबर आणि नोंदणीपत्र जुळवा. ‘जी-एचएन’ने सुरू होणारे नंबर रोडस्टरचे, ‘जी-एचडी’चे पक्क्या छपराच्या जीटीचे. पुढे ‘यू’ असेल तर गाडी मुळात अमेरिकेसाठी बनलेली. कोरड्या राज्यातून आलेल्या गाडीचा पत्रा उत्तम असतो, फक्त स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेण्याचं काम कोणी केलं ते तपासा.

1974 च्या उत्तरार्धापासून आलेल्या रबरी बंपरच्या गाड्या स्वस्त असतात. अमेरिकी नियमांपायी त्या सुमारे दीड इंच उंच केल्या, त्यामुळे वळणावर थोड्या डुलतात. म्हणून त्या घेऊन क्रोम बंपर बसवायचा खटाटोप करू नका, लावलेला पैसा विकताना परत येत नाही. पहिलीच गाडी असेल तर मी जीटी सुचवेन. पक्क्या छपरामुळे सांगाडा मजबूत राहतो, पाऊस आत येत नाही आणि रोडस्टरपेक्षा किंमतही कमी.

विमा ‘ठरलेल्या किमती’चा घ्या, म्हणजे अपघातानंतर गाडीचं मोल काय यावर वाद होत नाही. घर ब्रिटनमध्ये असेल तर भारतीय लायसन्स पहिले 12 महिनेच चालतं, आणि जुन्या गाड्यांचा विमा देणारे बहुतेक जण तिथलंच मागतात.

राहिली भारतात नेण्याची गोष्ट. ‘परत जाताना पुण्याला घेऊन जाऊ’ हे धरून गाडी घेऊ नका. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारण नियमाने भारतात आणता येत नाही. संग्राह्य गाड्यांचे नियम वेगळे आहेत आणि बदलत असतात, वर शुल्क जबर. आणली तरी 2021 च्या नियमांनुसार विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेतली नोंदणी 50 वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच मिळते. तिचे नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोज चालवायची परवानगी नाही.