जंतसंसर्गाच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

मिरजेत जंतसंसर्गावर काम करण्याच्या इच्छेने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सूक्ष्मदर्शकापाशी बसवण्याआधी विचारते, की तुमच्या यादीत कोणाची नावे नाहीत. वाळवा आणि कराड परिसरात गाळप हंगामात बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. मुकादमाच्या वहीत कोयत्यांचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांचा, हिशेब असतो, मुलांचा नसतो. त्यांतील बहुतेकांची नावे गावाकडच्या शाळेच्या पटावरच राहतात. २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटाला शाळा आणि अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल ही जंतनाशक गोळी दिली जाते. त्याची १० फेब्रुवारी ही तारीख ऐन हंगामात येते. अंकुशकृमी (हुकवर्म) या आतड्यातील जंताच्या अळ्या ओल्या, दूषित मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात. म्हणजे ज्यांना धोका अधिक, तीच मुले शाळेच्या पटावर आधारलेल्या अभ्यासातून निसटतात. यादी करायची तर कोपी ते कोपी फिरूनच करावी, आणि आशाताई सोबत असाव्यात.

टोळी पहाटेच फडावर जाते, म्हणून शौचाच्या नमुन्यासाठीच्या डब्या आदल्या संध्याकाळी वाटाव्या लागतात. तपासणीची काटो-काट्झ पद्धत स्वस्त आहे, पण वेळेच्या बाबतीत निष्ठुर आहे. साच्यातून ४१.७ मिलिग्रॅम शौच काचपट्टीवर घेतात आणि दिसलेल्या अंड्यांना २४ ने गुणून एका ग्रॅममधील संख्या काढतात. अंकुशकृमीची अंडी मात्र ग्लिसरीनमुळे पारदर्शक होत जातात, त्यामुळे काचपट्टी तयार झाल्यापासून ३० ते ६० मिनिटांत ती वाचून संपवावी लागते. पट्टीवर ९० अंडी असतील तर गुणाकार २१६० येतो आणि संसर्ग मध्यम ठरतो, कारण मध्यमची मर्यादा २००० पासून सुरू होते. उशिरामुळे दहाच अंडी दिसेनाशी झाली, तर तेच मूल सौम्य गटात जाते. गावात केलेल्या पट्ट्या मिरजेला आणून वाचण्याचा बेत म्हणूनच मी मान्य करत नाही; सूक्ष्मदर्शक आरोग्य उपकेंद्राच्या खोलीत न्यावा, किंवा नमुने थंड पेटीतून त्याच दिवशी आणून पट्ट्या इथेच कराव्यात.

संमतीचा भाग कागदोपत्री उरकू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी अनुमती लागते. पालक निरक्षर असतील तर निःपक्ष साक्षीदार हवा, आणि मुकादम माझ्या मते निःपक्ष नव्हे.

गोळीचा लाभ गृहीत धरून निघू नका. उत्तर प्रदेशातील सुमारे १० लाख बालकांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, नियमित जंतनाशकाने मृत्युदरात फारसा फरक आढळला नाही. मूल जंतमुक्त होणे आणि त्याची प्रकृती सुधारणे हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडावेत.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी परिषदेच्या दोन महिन्यांच्या अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्तीपासून सुरुवात करावी. नीतिसमितीची मंजुरी मात्र त्याआधीच हाती असावी. औषधाचा परिणाम पाहायचा असेल तर दुसरा नमुना १४ ते २१ दिवसांनी घेतात, आणि तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असू शकते, म्हणून मुकादमाचा फोन क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.