बारावीचे टक्के की सीईटीचा पर्सेंटाइल? अकरावी सायन्सला येणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. निकाल लागले की माझा निम्मा दिवस मुलांना इंजिनिअरिंगचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या असलेल्या कॉलेजांच्या याद्या, भरून देण्यात जातो. कुणीतरी पालक दरवर्षी विचारतातच, "सर, बारावीला पंच्याऐंशी टक्के आहेत पोराला, मग सीईटीचं काय एवढं?"

एवढं असं की सीईटी ही राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा, आणि बारावीचे गुण इथे फक्त पात्रतेपुरते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. तेवढे पडले की बोर्डाला ६० असोत की ९०, नंबर लागतो सीईटीवरच. पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) पेपर २०० गुणांचा. त्यातले १०० एकट्या गणिताचे: ५० प्रश्न, ९० मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ तेवढाच. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. तरी "अकरावी काय, आरामाचं वर्ष" म्हणणारे भेटतातच. आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनो, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. पहिल्या दिवसापासून इंग्रजी पुस्तकातली गणितं सोडवा.

अशी परीक्षा असावी का? असावी, या मताचा मी आहे. बोर्डाच्या फिजिक्समध्ये ३० गुण प्रॅक्टिकलचे. त्यात २८-२९ कुणाला पडत नाहीत? आमचाही हात सढळच असतो. त्यात मंडळं वेगवेगळी. नुसत्या बारावीवर प्रवेश दिले की काय होतं ते दिल्ली विद्यापीठात दिसलं. २०२१ मध्ये तिथल्या काही कॉलेजांचा कटऑफ थेट १०० टक्क्यांवर गेला, आणि २०२२ पासून सीयूईटी ही केंद्रीय प्रवेश परीक्षा आली.

पण सगळंच परीक्षेवर सोडलं की वर्ग ओस पडतात. मुलं क्लासला, हजेरी कॉलेजात. २०१८ मध्ये सरकारने बायोमेट्रिक हजेरी आणली ती याचसाठी. शिकण्यावर काय परिणाम होतो ते माझ्या विषयात रोज बघतो. इंटिग्रेशनचं गणित दिलं की मुलगा इंटिग्रेशन करतच नाही. चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढतो, जुळेल त्यावर टिक. युक्ती चांगली आहे, मीच शिकवतो. मात्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला एम-वनच्या, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात पर्याय नसतात, आणि ९५ पर्सेंटाइलवाल्याचाही विषय राहतो, केटी लागते.

२०१४ आणि २०१५ ला राज्यात निम्मं वजन बारावीला आणि निम्मं जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेला होतं. जेईई आपल्या मुलांना जड गेली, ओरड झाली, २०१६ ला परत सीईटी. माझं विचाराल तर सीईटी राहू द्या, पण बोर्डाच्या लेखी गुणांना तीसेक टक्के वजन द्या; प्रॅक्टिकलचे धरू नका. पायऱ्या लिहायची सवय तरी टिकेल. तसं होईपर्यंत आहे त्या नियमात खेळायचं. बोर्डाची गणितं वहीत पूर्ण सोडवा, मग तीच घड्याळ लावून.

पर्सेंटाइलचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते; तुमच्या सत्राला बसलेल्यांपैकी ९० टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. राज्यात तीन लाख मुलं धरली तर पुढे तीस हजार उभी आहेत. पुण्याच्या सीओईपी, मुंबईच्या व्हीजेटीआय या नामांकित कॉलेजांत कॉम्प्युटर शाखा खुल्या प्रवर्गाला ९९ पर्सेंटाइलच्याही बरंच वर बंद होते. पेढे वाटा, पण मागच्या वर्षीचा कटऑफ बघून.

कागदपत्रांसाठी निकालाची वाट बघू नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षी चालणारं हवं. त्यावरची मुदतीची तारीख स्वतः वाचा.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं आवडीच्या क्रमाने लिहा, कटऑफच्या नाही. वरचं मिळालं नाही तर यादीत खाली बघितलं जातं, वर लिहिल्याने काही बिघडत नाही. पहिल्या नंबरचं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद. तेव्हा काकांचा मुलगा तिथे आहे म्हणून एखादं नाव पहिलं टाकू नका.