‘आमचं पटत नाही’ एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही: सीमाभागात मानसिक छळाची केस कशी उभी करायची

बायको तीन वर्षं माहेरी, चार बैठका झाल्या, दोन्हीकडचे पाहुणे दमले. एवढं सांगितलं की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये ‘संसार मोडून पडला’ हे घटस्फोटाचं कारणच नाही. विधी आयोगाने १९७८ ला आणि पुन्हा २००९ ला ते घालायला सांगितलं, कायद्यात ते आलं नाही. त्या एकाच कारणावर लग्न मोडायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे, घटनेच्या कलम १४२ खाली (शिल्पा शैलेश खटला, १ मे २०२३). बेळगावच्या फॅमिली कोर्टात किंवा तालुक्याच्या सिनियर सिव्हिल जज कोर्टात केस घालायची ती क्रौर्याच्या कारणावर, म्हणजे कलम १३(१)(आयए). जोडीदार विनाकारण सलग दोन वर्षं सोडून गेला असेल तर तेही जोडून लावा. लिंगायत, जैन आणि बौद्धांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम आणि ख्रिश्चनांचे कायदे वेगळे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज करायचा तर कोर्टाची खास परवानगी लागते.

दोघं राजी असाल तर पुढचं सगळं सोडा आणि १३बी खाली संमतीचा अर्ज करा. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. नंतरची सहा महिन्यांची मुदत २०१७ च्या निकालापासून कोर्ट माफ करू शकतं.

क्रौर्य म्हणजे काय याची यादी कायद्यात नाही. समर घोष खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने नमुने दिले: कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं, मूल नको हे एकट्याने ठरवणं, सततचा पाणउतारा. रोजची भांडणं, रुसवेफुगवे, भांड्याला भांडं लागणं यात बसत नाही, हेही तिथेच सांगितलं. त्यामुळे अर्जातला प्रत्येक मुद्दा तारखेवर आणि जागेवर उभा हवा.

‘सामनेवाला नेहमी अपमान करतो’ हे वाक्य उलटतपासात एका मिनिटात गळून पडतं. त्याऐवजी असं लिहा: ‘पाडव्याला, निपाणीच्या घरी, अर्जदाराचा भाऊ जेवत असताना सामनेवाला म्हणाला, “तुझ्या बहिणीच्या पोटातलं माझं नव्हे.” भाऊ भरल्या ताटावरून उठला.’ सोबत त्या पाडव्याची तारीख टाका. आता यात दिवस आहे, जागा आहे आणि साक्षीदारही आहे.

इथे सीमाभागाची एक खास अडचण येते. कोर्टाचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं, अर्जही त्यातच टाइप होतो. वरचं वाक्य भाषांतरात ‘चारित्र्यावर संशय घेतला’ एवढंच उरतं आणि त्यातला घाव निघून जातो. म्हणून वकिलाला सांगा की मूळ मराठी शब्द अवतरणात जसेच्या तसे घ्या, खाली भाषांतर द्या. सही करण्याआधी अर्ज मराठीत वाचून घ्या. वाचून न घेता केलेली सही साक्षीच्या दिवशी अंगाशी येते.

चारित्र्यावरचे खोटे आरोप लेखी म्हणण्यात, म्हणजे अर्जाला दिलेल्या उत्तरात, केले तरी ते क्रौर्यच ठरतं (भाटे खटला, २००३). खोट्या पोलीस तक्रारीचंही तसंच. रागाच्या भरात वकिलाला ‘आणखी घाला’ म्हणणारे समोरच्याची केस बांधून देतात.

दुसरा खड्डा म्हणजे माफी. दास्ताने खटल्यात (१९७५) क्रौर्य सिद्ध झालं, तरी त्यानंतर संसार नेहमीसारखा चालू राहिला म्हणून नवऱ्याने त्या कारणावर मागितलेला कायदेशीर विभक्ततेचा हुकूम मिळाला नाही. समेट होऊन परत नांदायला गेला असाल तर ते लपवू नका. त्यानंतर पुन्हा काय घडलं ते तारखेने लिहा, कारण नव्या छळाने जुनाही जिवंत होतो.

व्हॉट्सअॅपचे मेसेज द्यायचे तर नुसत्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन विकू नका. पोटगीसाठी दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे पगारपत्रक, बँकेचं पासबुक आणि शेतीचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) तयार ठेवा.

केस कुठे घालायची? लग्न लागलं तिथे, शेवटचं एकत्र राहिलात तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे. बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. लग्नाची जागा दाखवायला मंगल कार्यालयाची पावती कामाला येते. माहेर चंदगडचं आणि सासर बेळगावचं असेल, तर तिची केस महाराष्ट्रात आणि त्याची कर्नाटकात, असं सहज होतं. हायकोर्टं दोन, त्यामुळे केस एका राज्यातून दुसऱ्यात हलवायला थेट दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय गाठावं लागतं. हा खर्च आधीच धरा. महिलांना मात्र उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पंचांसमोर बॉन्डवर लिहिलेली सोडचिठ्ठी सहसा कागदाच्या किमतीचीच. जातीत तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते अवघड असतं. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, वर गुन्हाही होतो.

घटस्फोटाची डिक्री (कोर्टाचा हुकूम) मिळाली तरी दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त लगेच काढू नका. बेळगावचं अपील धारवाड खंडपीठात जातं. फॅमिली कोर्टाच्या कायद्यात अपिलाला ३० दिवस आहेत, हिंदू विवाह कायद्यात ९०. अपील करणाऱ्याने ३० धरावेत, लग्न करणाऱ्याने ९० थांबावं आणि अपील दाखल नाही ना, हे वकिलाकडून बघून घ्यावं.