टीव्हीखालच्या छोट्या पीसीसाठी प्रोसेसर घ्यायला निघण्याआधी

लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा कॉम्प्युटर बाजार) जाण्याआधीच मनाशी ठरवा, की पहिला प्रश्न एव्ही१चाच (यूट्यूबवर वापरला जाणारा एक व्हिडिओ फॉरमॅट) विचारायचा. दुकानात शिरलं की कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) किती, गिगाहर्ट्झ (त्यांचा वेग) किती हेच सुरू होतं आणि आपणही त्यात वाहवत जातो. मागच्या खरेदीत मी तसाच वाहवत गेलो, म्हणून हे लिहितोय.

प्रश्न असा: प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला एव्ही१ व्हिडिओ हार्डवेअरवर, म्हणजे खास त्याच कामाच्या सर्किटवर, डिकोड करता (उलगडता) येतो का? येत नसेल तर यूट्यूबचा फोर-के एव्ही१ व्हिडिओ उलगडायचं सगळं काम कोअरवर पडतं. मग वॉट चढतात, छोट्या डब्यातला पंखा घोंघावू लागतो, आणि वन-बीएचकेच्या हॉलमध्ये त्याच टीव्हीसमोर कुणीतरी झोपलेलं असतं. डिकोडर असेल तर तोच व्हिडिओ चालताना कोअर जवळजवळ मोकळे राहतात. वीज वाचते ती इथे.

इंटेलमध्ये एव्ही१ साधारण अकराव्या पिढीपासून मिळतं. टीव्हीपुरता विचार केला तर ६ वॉटचा एन१०० पुरे आहे. एएमडीत नंबरवर अजिबात जाऊ नका. रायझन ५ ५६००जी ताकदीचा आहे, पण त्यातल्या व्हेगा ग्राफिक्समध्ये एव्ही१ नाही. ७५३०यू नावावरून नवा वाटतो, मिनी पीसीत सर्रास मिळतो, आणि आत तेच व्हेगा! डेस्कटॉपच्या ७००० मालिकेत मात्र ('एफ' अक्षराचे सोडून) एव्ही१ आहे. दुकानदार 'फोर-के चालतं' म्हणेल. ते उत्तर धरू नका, एव्ही१ चालतं का ते विचारा.

शक्य असेल तर तिथेच चालवून बघा. यूट्यूबवर फोर-के व्हिडिओ लावा, राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकसमोर एव्ही०१ दिसलं, की विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (म्हणजे ग्राफिक्सचा) 'व्हिडिओ डिकोड' आलेख हलतोय का ते पाहा. तो सपाट आणि सीपीयू वर गेलेला, तर तो डबा घेऊ नका.

टीडीपी (प्रोसेसरच्या माहितीत दिलेला वॉटचा, उष्णतेचा आकडा) म्हणजे विजेचं बिल नव्हे. इंटेलचा ३५ वॉटवाला 'टी' प्रोसेसर फक्त जोराच्या कामाला लगाम घालतो. रिकामा असताना तो आणि साधा जवळपास सारखीच वीज घेतात. छोट्या डब्यात उष्णता आवरायला 'टी' बरा, बिलासाठी जास्त पैसे मोजू नका. बिल ठरतं ते मशीन नुसतं चालू असताना किती खातं त्यावर. दिवसरात्र १० वॉट म्हणजे महिन्याला सुमारे ७ युनिट, ३० वॉट म्हणजे जवळजवळ २२. प्लगमध्ये लावायचं मीटर घ्या आणि मोजा.

'एफ' अक्षराचा इंटेल नको, त्यात ग्राफिक्सच नसतं. एचडीएमआय २.० हवंच, १.४ वर फोर-के सेकंदाला ३० फ्रेमवरच अडकतं.

रॅम ८ जीबी, एसएसडी कुठलीही चांगली. टीव्ही युनिटच्या मागच्या फळीला भोक पाडून घ्या, मे महिन्यात बंद कप्प्यात काहीच थंड राहत नाही. वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा पीसीचा मूळ मेनू). रिमोट, केबल नेहमीचंच.

पैसे देण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर अक्षरासकट कंपनीच्या साइटवर टाका आणि त्यात एव्ही१ डिकोड आहे ना, ते तपासा.